जर्मेनच्या नावाची चिकटपट्टी

एप्रिल सरता सरता रस्त्याकडेचा शेवटचा बर्फ काळा पडून विरघळला, की आमच्याकडे खांबाखांबांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लागतात. जाड पेननं काढलेला एक बाण आणि त्याखाली ‘गॅरेज सेल’. लोक हिवाळाभर घरात साठलेलं नकोसं सामान गॅरेजमध्ये घडीच्या टेबलांवर मांडतात, शेजारी कॉफीचा थर्मास घेऊन बसतात, आणि माझ्यासारख्या बायका गाडी काढतात.

मी आणि माझी नणंद जर्मेन दर शुक्रवारी जायचो. पहाटे माझी जपमाळ व्हायची, चेस्टरच्या नावाची मेणबत्ती लावून व्हायची, आणि मग मी जर्मेनच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायची. एकदाच, हलकेच. तरी ती आतून ओरडायची.

"आले, आले! तुझ्या देवाला एवढा वेळ दिलास, मला दोन मिनिटं देशील की नाही?"

चेस्टर म्हणजे माझा नवरा, जर्मेनचा भाऊ. तो जाऊन काही वर्षं झाली होती. जर्मेनचा हार्वे त्याच्याही आधी गेला. कागदाच्या गिरणीत आयुष्य काढलं बिचाऱ्यानं, पेन्शन सुरू झाली आणि गेला. आम्हा दोघींनाही मूलबाळ नाही. मला त्याची टोचणी फारशी लागली नाही. देवाच्या मनात नव्हतं, एवढ्यावर मी मन शांत केलं. जर्मेनचं तसं नव्हतं, पण ती बोलून दाखवत नसे. सेलमध्ये बाळांच्या कपड्यांचं टेबल आलं की ती फक्त जराशी भरभर चालायची.

चेस्टरनंतर या जगात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे जर्मेन. तिच्या तोंडाला लगाम नव्हता आणि माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

भाव पाडावा तर जर्मेननं. दिवा हातात घेऊन विचारायची, "हा चालतो का?"

"चालतो ना," सेलवाला म्हणायचा.

"मग विकताय कशाला?"

तो गडबडला की अर्धी किंमत तिथंच खाली आलेली असायची. गाडीत बसल्यावर ती दिवा मांडीवर घेऊन लहान मुलीसारखी हसायची. आनंद घरी पोचेपर्यंत टिकायचा. तळघराच्या पायऱ्या उतरताना मात्र तिचा चेहरा पडायचा, कारण तिथं आधीचे सात दिवे उभे असायचे. शिवाय हँडल नसलेलं आइस्क्रीमचं यंत्र, पाव भाजायची दोन यंत्रं, आणि व्यायामाची एक सायकल, जिच्यावर तिचे कोट वाळत.

"पुढच्या जन्मी उपयोगी पडेल," ती म्हणायची.

"आपल्यात पुढचा जन्म नसतो, जर्मेन."

"तुझ्यात नसेल. मी विचारून ठेवलंय."

ते घर आम्हाला जूनमध्ये सापडलं.

गावाच्या दक्षिणेला बटाट्याची शेतं सुरू होतात. जमीन वाळूची, सपाट. चाकांवरचे लांबच लांब पाण्याचे पाइप शेतातून इतके हळू फिरतात, की चालताना दिसत नाहीत. परत येताना बघावं तर जागा बदललेली. एका वळणावर जुन्या पोलिश शेतकऱ्यांनी बांधलेली मारियामातेची छोटी देवळी आहे. तिच्यापाशी मी नेहमी गाडी सावकाश करते आणि क्रुसाची खूण करते. त्या दिवशी मी खूण करत असताना जर्मेन म्हणाली, "इथं उजवीकडे घे."

"पाटी कुठाय?"

"पाटी नाही. पण आहे तिथं सेल."

खडीचा रस्ता होता. शेवटी पिवळ्या विटांचं एक बैठं घर, दोन गाड्यांचं गॅरेज, शटर वर केलेलं. दुसरी एकही गाडी नव्हती. गॅरेजच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीवर एक बाई विणत बसली होती. वय सांगता आलं नसतं. अंगात राखाडी स्वेटर. तिनं मान हलवून ‘या’ म्हटलं आणि पुन्हा विणायला लागली.

मी आयुष्यभर विमा कंपनीत कागद तपासले. काही बारीक वेगळं असलं की मला आधी ते दिसतं. तिथं मला पहिल्यांदा जाणवलं ते असं, की त्या गॅरेजला वास नव्हता. प्रत्येक गॅरेजला असतो. तेलाचा, उंदरांचा, ओल्या पुठ्ठ्याचा. इथं काहीच नव्हतं. नंतर लक्षात आलं, की घरात जाणारं आतलं दार किंचित उघडं आहे आणि तिथून मात्र कांदा परतल्याचा वास येतोय.

"लिओना, हे बघ." जर्मेननं एक मोठं पांढरं भांडं उलटं धरलं होतं. निळ्या फुलांचं, ओव्हनमधलं. बुडाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर शाईनं लिहिलं होतं, ‘जर्मेन’.

आमच्याकडे चर्चच्या जेवणाला कुणीही भांडं नेलं, की त्याच्या बुडाला अशी नावाची पट्टी लावतात, म्हणजे ते रिकामं झाल्यावर बरोबर घरी परत येतं. पण हे चर्चचं जेवण नव्हतं.

"विकणारीचं नाव असेल," मी म्हणाले. "तीन-चार घरांनी मिळून मांडलं असेल सामान. पैसे कोणाचे ते कळायला नावं लावतात ना."

"नाहीतर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं असेल. घेणाऱ्याचं नावसुद्धा लावतात. त्या मोठ्या कपाटाला नव्हतं का लावलं माझं, ट्रक मिळेपर्यंत?"

"तू येणार हे त्यांच्या स्वप्नात आलं का?"

"का? दृष्टांत काय फक्त तुलाच होतात?"

आमचं ऐकून ती बाई सुया न थांबवता म्हणाली, "घ्या ना. बरेच दिवस ठेवलंय."

मी तिच्याजवळ गेले. "ही जर्मेन कोण हो? विकणारी का?"

"विकणारी म्हणा, घेणारी म्हणा," ती बाई म्हणाली. "पट्टी तर एकच."

जर्मेननं भाव केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाडीत ते भांडं मांडीवर घेऊन ती त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. देवळी मागे गेल्यावर म्हणाली, "याच्या कानाला टवका उडालाय बघ. सिंकला आपटला असणार."

"असेल."

"असेल काय. आपटलाच. ख्रिसमस होता." मग स्वतःच चमकून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "काय बडबडतेय मी."

पुढच्या शुक्रवारी ती आपणहून बाहेर येऊन उभी होती. हॉर्नची गरज पडली नाही. पुन्हा तिथंच जायचं म्हणाली.

"दोन आठवडे कोण सेल लावतं गं?" मी म्हटलं.

"बघू तरी."

सेल होता. त्या दिवशी टेबलाच्या कडेला लाकडाची बाळाची उंच खुर्ची उभी होती. पुढच्या फळीच्या काठावर बारीक दातांच्या खुणा होत्या, ओळीनं. जर्मेननं त्यांवरून अंगठा फिरवला. खुर्चीखाली वाकून बघायची गरज नव्हती. तिला ठाऊक होतं. मी वाकून बघितलं. पट्टी होती. नाव तेच.

"जर्मेन, तुला कशाला हवीय ही?"

"असू दे."

"कोण बसणार आहे हिच्यात?"

मला असं बोलायला नको होतं. पण ती चिडली नाही. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. मी ते पूर्वी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

जुलैभर हेच चाललं. बाप्तिस्म्याचा झगा, कॉलरजवळ पिवळा पडलेला. एका बाजूनं झिजलेले बर्फावर घसरायचे बूट. दुधाच्या दातांची छोटी पत्र्याची डबी, हलवली की वाजणारी. प्रत्येक वस्तूवर पट्टी. इतर वस्तूही टेबलांवर असत, पण त्यांच्यावरची नावं मी वाचली नाहीत. वाचावीशी वाटली नाहीत. आणि प्रत्येक वेळी आतल्या दाराची फट थोडी जास्त उघडी असायची. एकदा कॉफीचा वास, एकदा इस्त्रीचा. एकदा कुणीतरी नळ बंद केला.

शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. संध्याकाळी अर्धं गाव क्लबात तळलेला मासा खायला जातं, आणि आम्ही दोघी खिडकीजवळच्या टेबलावर बसायचो. जुलैच्या अखेरच्या शुक्रवारी जर्मेन आली नाही. मी मासा बांधून घेतला आणि तिच्याकडे गेले.

ती स्वयंपाकघरात स्टुलावर चढून हातोडीनं काहीतरी ठोकत होती. दाराच्या चौकटीची एक उभी पट्टी, कुठल्यातरी घरातून उखडून आणलेली, पांढऱ्या रंगाची. सकाळी तिनं तीच घेतली होती, गाडीत मावेना म्हणून खिडकीतून बाहेर काढून आणली होती. पट्टीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. रेघांपुढे नावं. पॉल. ॲनेट. पुन्हा पॉल, थोडा वर. मुलांची उंची मोजायच्या खुणा.

तिच्या चौकटीला ती बरोबर बसली. एक सूतही कापावं लागलं नाही. खिळेसुद्धा जुन्याच भोकांत गेले.

"मासा आणलाय," मी म्हणाले.

"ठेव ना. मुलं खातील."

मी पुडा ओट्यावर ठेवला. बाहेरच्या खोलीत जाऊन बसावं म्हणून वळले, तर खिडकीपाशी मोकळी जागा. गालिच्यावर चार पायांचे चार खोल ठसे.

"हार्वेची खुर्ची कुठं गेली?"

"कोणाची?" स्टुलावरून आवाज आला. तोंडात खिळे होते, म्हणून ऐकू आलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं.

"हार्वेची. तुझ्या नवऱ्याची, जर्मेन."

ती खाली उतरली. हातोडी स्टुलावर ठेवली. मग तिचा चेहरा हळूहळू कळवळला, आणि क्षणभर माझी जर्मेन परत आली. माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली.

"लिओना, मला तिकडे न्यायचं बंद कर," ती म्हणाली. "मी कितीही म्हटलं तरी नेऊ नकोस. मी रडले तरी."

"नाही नेणार."

"शपथ?"

"मी शपथ घेत नाही, तुला माहितीय. पण नाही नेणार."

मी माझा शब्द पाळला. पुढच्या शुक्रवारी मी हॉर्न वाजवला नाही. दुपारी तिच्याकडे गेले, तर ती घरी नव्हती, आणि ती गाडी चालवत नाही. तिला डोळ्यांमुळे परवाना सोडावा लागला होता. मी पायरीवर बसून वाट बघितली. सूर्य शेजाऱ्यांच्या छपरामागे गेला तेव्हा ती रस्त्यानं चालत आली, हातात कागदी पिशवी, पाय वाळूनं माखलेले. तिकडे चालत जाणं तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. ती न लंगडता आली.

"पाय दुखले नाहीत का गं?" मी विचारलं.

"कशानं?"

आत गेल्यावर मी त्या चौकटीकडे बघितलं. न बघण्याचं ठरवलं होतं, तरी बघितलं. ॲनेटच्या शेवटच्या रेघेवर, दोन बोटं वर, आणखी एक रेघ होती. पेन्सिल ताजी होती. मी बोट लावलं तर काळं लागलं.

"ही तू काढलीस का?"

जर्मेन पिशवीतून मोजे काढून घड्या घालत होती. लहान मोजे. "वाढायचं वय आहे," ती म्हणाली.

रात्री मी जास्तीची जपमाळ केली. पण प्रार्थनेत मागायचं काय, हेच कळेना. ती सुखी दिसत होती. इतकी सुखी मी तिला कधी बघितली नव्हती. तिचं सुख काढून घे आणि ती मला परत दे, असं देवाला कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तरी मी तेच म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी मी एकटीच तिकडे गेले. त्या बाईला सांगणार होते, की माझ्या नणंदेला यापुढे काही विकू नका. काय बोलायचं ते गाडीत मोठ्यानं म्हणून बघितलं. देवळीपाशी खूण केली, उजवीकडे वळले.

बाई विणत होती.

"आज एकट्याच?" ती म्हणाली.

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"आधी बघून तर घ्या. आज नवीन मांडलंय."

मी टेबलाकडे बघितलं.

हार्वेचा गिरणीतला जेवणाचा डबा होता. त्याचा बिल्ला अजून कडीला होता. त्याच्या शेजारी बॉलिंगची ढाल, जी आम्ही दोघींनी चर्चच्या बायकांच्या स्पर्धेत जिंकली होती आणि जिच्यावर माझं नाव चुकीचं कोरलं होतं म्हणून जर्मेन वर्षभर हसली होती. मी विणलेली हिरवी उशी. त्यामागे एक तसबीर होती. मी आणि ती, तळ्याकाठी, मधे एवढासा मासा धरून. तो फोटो चेस्टरनं काढला होता. त्याच्या टोपीची सावली आमच्या पायांवर पडली होती.

गॅरेजच्या खिडकीपाशी हार्वेची खुर्ची.

मी तसबीर उलटी केली. पट्टी होती. आतापर्यंतच्या पट्ट्यांवर अक्षर टोकदार, अनोळखी असायचं. हे गोल होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी माशाच्या गळासारखी वर वळलेली. ख्रिसमसच्या कार्डांवर मी ते अक्षर वर्षानुवर्षं बघत आले होते.

‘जर्मेन.’

"हे तिनं विकायला आणलं?" मी विचारलं.

"घरात जागा नको का?" बाई म्हणाली. "माणसं वाढली."

मी सगळं घेतलं. एकेक करून गाडीत नेलं. खुर्ची मागच्या दारातून अर्धी बाहेर राहिली, ती दोरीनं बांधली. बाई तेवढा वेळ माझ्याकडे बघत होती.

"भाव नाही करणार?"

"नाही."

तिनं पैसे केक भाजायच्या वाट्यांच्या साच्यात टाकले. मग विणकामाच्या सुईनं पलीकडच्या टेबलाकडे दाखवलं. ते भिंतीकडेला होतं, चादरीनं झाकलेलं.

"तुमचंही ठेवलंय," ती म्हणाली. "घाई नाही."

चादरीखाली काहीतरी उंच होतं. माणूस बसलेला असावा एवढं. मी तिकडे गेले नाही. गाडीत बसले, दार लावलं आणि किल्ली फिरवली.

तिथून मी सरळ जर्मेनच्या घरी गेले. मागच्या अंगणात दोरीवर कपडे होते, ओले, लहान-मोठे. जाळीच्या दारावर टकटक केली. इतक्या वर्षांत तिच्या दारावर मी कधी टकटक केली नव्हती.

ती हात पुसत आली. केस वेगळ्या वळणानं बांधले होते. चेहरा भरलेला.

"बोला ना," ती म्हणाली. "कोण हवंय तुम्हाला?"

"जर्मेन."

"मीच जर्मेन."

मी गाडीकडे बोट केलं. "तुझं सामान आणलंय. हार्वेची खुर्ची."

तिनं जाळीतून पाहिलं. मनापासून पाहिलं, काही आठवतं का म्हणून. ती नेहमीच दयाळू होती. लोकांना ते तिच्या बोलण्यामुळे कळायचं नाही.

"तुमची काहीतरी चूक होतेय हो. आमच्याकडची नाही ती." माझं तोंड बघून ती म्हणाली, "थांबा हं. रिकाम्या हातानं जाऊ नका."

आतून तिनं काकडीसारख्या दिसणाऱ्या दोन मोठ्या हिरव्या झुकिनी आणून दिल्या. ऑगस्टमध्ये आमच्याकडे ज्याच्या त्याच्या बागेत त्या इतक्या लागतात, की लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात मारतात.

"घ्या घ्या," ती म्हणाली. "घरात इतकी माणसं आहेत, तरी संपत नाहीत."

दार हलकेच लागलं.

मी घरी आले. खुर्ची माझ्या खिडकीपाशी ठेवली. तसबीर भिंतीला लावली. उशी मांडीवर घेऊन बसले. आता सगळं माझ्याकडे होतं.

रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मिस्सा संपल्यावर फादरांनी हात हातात घेऊन विचारलं, "आज एकट्याच, लिओना?" मी म्हणाले, हो. त्यांनी जर्मेनचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

घरी येऊन पर्स न ठेवताच मी फोन उचलला. मला फक्त तिचा आवाज ऐकायचा होता. ‘चुकून लागला’ म्हणून ठेवून देणार होते.

"हॅलो?" लहान मुलीचा आवाज.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"जर्मेन आहे का, बाळा?"

"आजी बटाटे कुस्करतेय." मग दूर तोंड करून, "आजी! कुणीतरी बाई आहे!"

"काय हवंय विचार," जर्मेन लांबून ओरडली. तोच सूर, तेच ‘आले, आले’वालं ओरडणं. "नाहीतर ठेवून दे. सगळे बसलेत, जेवण निवतंय."

पोरीनं फोन ठेवला नाही. नुसताच टेबलावर टाकला. लाकडावर आपटल्याचा आवाज झाला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणाला तरी पाय आत घे म्हणालं. खूप माणसं होती. मग गलका थांबला.

कुणीतरी घसा साफ केला.

दोनदा, तोकडा, दुसऱ्या वेळी थोडा खालच्या सुरात. जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणायच्या आधी तो तसाच करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून दवाखान्यातल्या शेवटच्या जेवणापर्यंत.

"हे प्रभू," चेस्टर म्हणाला, "आम्हाला आशीर्वाद दे."

त्याचा आवाज म्हातारा झाला होता. माझ्याकडे असताना तो इतका म्हातारा झाला नव्हता.

तो सावकाश म्हणत गेला. मधे नेहमीच्याच जागी थांबला, श्वास घेतला, पुढे गेला. माझे हात कधी जुळले ते कळलं नाही. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला होता. शेवट आला तशी सगळ्यांबरोबर मीही म्हणाले, "आमेन."

हळूच. माझा आवाज मुळातच हळू आहे.

पलीकडे काहीच हललं नाही. काटा बशीला लागल्याचा आवाजसुद्धा नाही.

"आत्ता कोण बोललं?" चेस्टरनं विचारलं.

"कोणी नाही," जर्मेन म्हणाली. "जेव तू."

मी श्वास रोखून धरला.

पावलं वाजली. अनवाणी, लहान. फोनच्या अगदी जवळ येऊन थांबली. पोरीनं काही वेळ कान देऊन ऐकलं. मग मागे वळून, घाबरून, अगदी बारीक आवाजात ती म्हणाली,

"आजी, ती अजून इथंच आहे."